जोएलची आई

मिनासावा
१४ नोव्हेंबर २००४

प्रिय लोइस,

तू फोन घेत नाहीस, म्हणून हे पत्र. फोन न घ्यायला काहीच करावं लागत नाही. पत्र फेकायला निदान जागेवरून उठावं तरी लागतं.

बातमी अशी, की आम्ही मॅनिटोबाला परत येतोय, कायमचे. मे महिन्यात तुझ्या बाबांना पासष्ट पूर्ण होतील आणि पासष्टीनंतर मिशन कुणाला इथे ठेवत नाही. पाळक म्हातारे होत नाहीत असा तुझ्या बाबांचा समज होता, तो मिशनने पत्र पाठवून दूर केला. आमच्या जागी सेंदाईहून एक जपानी पाळक येणार आहेत. तरुण आहेत, आणि बायको पियानो वाजवते म्हणे. माझं पेटी वाजवणं पंचवीस वर्षं सोसलेल्या मंडळीला आता बरे दिवस येणार.

आता जोएलचं. आजोबांच्या अंत्यविधीनंतर तू त्यांच्या स्वयंपाकघरात जे बोललीस ते मी विसरलेले नाही. "त्याला घरी आणा. आजोबांच्या शेजारी जागा ठेवलीय. त्याला घेतल्याशिवाय याल तर माझ्या दारात येऊ नका." मी हो म्हटलं होतं, आणि त्यानंतर चार वर्षं आणलं नाही. तू बोलणं सोडलंस. आता आणते. पीट काकांना सांग, ती जागा तशीच राहू दे.

त्याच्या अस्थींची पेटी अजून बाबांच्या अभ्यासाच्या खोलीतच आहे, कपाटात, विश्वकोशाच्या मागे. इथे घरोघरी मेलेल्या माणसांचं देवघर असतं, पाळकाच्या घरात तसलं काही दिसायला नको, म्हणून बाबांनी ती तिथे ठेवली ती ठेवलीच. मी अधूनमधून विश्वकोश उतरवते, पेटीवरचं पांढरं कापड बदलते आणि विश्वकोश परत लावते. एकदा दोन खंड उलटसुलट लागले, तर बाबांना लगेच कळलं. त्यांनी उठून ते सरळ लावले.

सफरचंदांचा हंगाम काल संपला. बागवाल्या हात्सुएआजींनी हंगामाच्या सुरुवातीला नेहमीसारखं झाडावरचं पहिलं सफरचंद आणून दिलं, "जोएलला" म्हणून. एवढं मोठं की दोन्ही हातांत धरावं लागलं. कपाटासमोर फळ ठेवायचं तर बाबांची पंचाईत, म्हणून मी दर वर्षीप्रमाणे त्याचा केक केला. आजींना सांगितलं तर म्हणाल्या, "तुम्ही खाल्लंत म्हणजे त्यालाच पोचलं. पोरं तरी काय, आईच्याच ताटातलं खातात."

मंडळीची कबर तू पाहिली नाहीस. सफरचंदांच्या बागांच्या वर, टेकडीवर आहे. इथे माणूस विश्वासाकडे वळण्याआधी विचारतो, की मेल्यावर मला ठेवणार कुठे? ज्या देवळाला कबर नाही ते उद्या उठून जाणार, असा सरळ हिशेब. म्हणून मंडळीने पै पै जमवून ती बांधली. काळा दगड, आत फळ्या, पुढे सरकवायची शिळा, सगळं झालं. बांधून दोन उन्हाळे गेले आणि अजून ती रिकामीच आहे. निवृत्त शाळामास्तर कुदो आपले वडीलधारे, त्यांची बायको तीन वर्षांपूर्वी वारली. ती अजून त्यांच्या घरी टीव्हीशेजारी आहे, कलशात. आणखी दोघांच्या घरी तसंच. बाबा विचारून थकले. जो तो म्हणतो, "घाई काय आहे, पाळकसाहेब?" बाबांना वाटतं आपल्या शिकवणीतच काहीतरी कमी राहिलं. रात्री खोडून खोडून उपदेश लिहितात. मला उपदेशांची दया येते.

तुझी,
आई


मिनासावा
२७ डिसेंबर २००४

प्रिय लोइस,

तुझं नाताळचं कार्ड मिळालं. छापील मजकूर छान आहे. खाली तुझी सही आहे, म्हणजे हात शाबूत आहे हे कळलं. मी ते वाजवायच्या पेटीवर, गीतांच्या वहीशेजारी उभं करून ठेवलंय.

नाताळच्या उपासनेला बर्फ छातीपर्यंत होतं. तुझे बाबा पहाटेपासून फावडं घेऊन रस्ता करत होते. एकीकडून ते आणि दुसरीकडून शेजारचे, आणि मधोमध दोघंही वाकून वाकून एकमेकांना "आधी तुम्ही या" करत बसले. बर्फ वाट पाहत नाही, ते दोघांच्याही टोपीवर साचलं.

बाबांनी हात्सुएआजींना पुन्हा बाप्तिस्म्याबद्दल विचारलं. त्या एक्याऐंशी वर्षांच्या झाल्या. प्रत्येक रविवारी सगळ्यांच्या आधी येतात, जोडे नीट लावतात, उपासनेनंतर कप धुतात, गाताना सगळ्यांच्या एक ओळ मागे असतात. बायबल माझ्यापेक्षा जास्त वाचलंय. तरी बाप्तिस्मा म्हटलं की कपाळावर हात ठेवून हसतात. "पाळकसाहेब, मला जरा विचार करू द्या." बाबा म्हणतात, नवऱ्याकडच्यांचा दबाव असेल. ते काही अंशी खरंही आहे. नवऱ्याच्या कुटुंबाची कबर पुतण्याच्या ताब्यात आहे, आणि त्याने स्पष्ट सांगितलंय, की ख्रिस्ती झालीस तर तिथे जागा नाही. पण त्या पुतण्याला घाबरणाऱ्या नव्हेत. गेल्या वर्षी त्याने बागेचा बांध सरकवला, तर या एकट्या फावडं घेऊन गेल्या आणि परत सरकवून आल्या.

तुला आठवतं का, इथे बायकांना मुलांच्या नावाने हाक मारतात? तू तोक्योच्या वसतिगृहात होतीस, तेव्हा मी गल्लीत जोएलची आई होते. तो गेल्यावर सगळे हळूहळू मला पाळकीणबाई म्हणू लागले. कुणाला जीभ जड होत असेल, कुणाला वाईट वाटत असेल. हात्सुएआजींनी मात्र सोडलं नाही. परवा भाजीच्या दुकानात सगळ्यांसमोर मोठ्याने, "जोएलची आई, मुळा आज चांगला नाही, घेऊ नका." दुकानदाराचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

मला ते आवडतं, तुला खोटं कशाला सांगू. आता असं म्हणणारं दुसरं कुणी नाही.

सामान आवरायला घेतलंय. तुझ्या वस्तूंचं खोकं काढलं. त्यात एक निळा लोकरी हातमोजा निघाला, एकाच हाताचा. पाठवू की टाकू? उत्तर द्यायचं नसेल तर कार्डावर नुसती फुली मार.

आई


मिनासावा
२० फेब्रुवारी २००५

प्रिय लोइस,

फुली आली नाही, तेव्हा हातमोजा ठेवलाय.

या आठवड्यात एक गोष्ट कळली, आणि ती कळायला पंचवीस वर्षं लागली म्हणून स्वतःचंच हसू येतंय. नीट सांगते.

गुरुवारी आपल्या घरी बायकांची सभा होती. मी सफरचंदाचा केक केला होता. माझा घसा बसलेला, म्हणून मी नुसतं गरम पाणी पीत होते. प्रार्थना झाली, चहा ओतला, केक समोर ठेवला. गप्पा सुरू. थोड्या वेळाने पाहते तर एकीनेही केकला हात लावला नव्हता. मी म्हटलं, घ्या ना. "हो हो, घेतो." पुन्हा गप्पा. चहा थंड. शेवटी सगळ्या उठल्या, आपापले कोट घातले, केक आहे तसा. मला वाटलं, साखरेऐवजी मीठ पडलं की काय. तुकडा खाऊन पाहिला, उत्तम होता.

हात्सुएआजी कप धुवायला थांबल्या होत्या. मी त्यांना विचारलं, आज सगळ्यांना झालंय काय?

त्या म्हणाल्या, "तुम्ही कुठे खाल्लात?"

"माझा घसा बसलाय."

"मग आम्ही कशा खाणार? घरच्या बाईने उचलल्याशिवाय?" मग त्यांनी नळ बंद केला आणि हात पुसत म्हणाल्या, "टेकडीवरही तेच आहे, जोएलची आई."

मला लगेच कळलं नाही. मी खुळ्यासारखी बघत राहिले. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, जणू मीच पाहुणी.

मग बोलल्या, अगदी साध्या आवाजात. कुदो मास्तर बायकोला टीव्हीशेजारी का ठेवतात? कारण मंडळीत पहिलं मरण पाळकांच्या घरात झालं. जोएल पहिला. त्याच्या आधी कुणी आत जाणं बरं दिसत नाही. दोन वर्षं सगळे थांबलेत, की पाळकसाहेब आपल्या मुलाला आणतील, मग आम्ही आमची माणसं आणू. पाळकसाहेब काही आणत नाहीत. मग लोकांनी अर्थ लावला, की ते त्याला त्यांच्या देशात घेऊन जाणार. म्हणजे ही कबर त्यांना स्वतःच्या मुलासाठी चालत नाही, आमच्यासाठी चालते.

"कुणी बोललं का नाही?" मी विचारलं.

"असं कसं बोलणार? मुलगा तुमचा आहे."

इकडे तुझे बाबा दोन वर्षं काय म्हणतायत माहीत आहे? मंडळीने कष्टाने कबर बांधली, त्यात पहिली जागा पाळकाच्या घराने पटकवायची हे शोभत नाही. आधी लोकांनी ठेवावं. घे! इकडे ते मागे सरतात, तिकडे लोक मागे सरतात, आणि मध्ये कबर रिकामी. बर्फातल्या त्या दोन माणसांसारखं.

मग मी विचारलं, "आणि तुमचा बाप्तिस्मा?"

आजींनी फडक्याची घडी घातली. "तुम्ही जाणार. जोएलला नेणार. मी बाप्तिस्मा घेतला तर पुतण्या मला तिकडे घेणार नाही. मग मी त्या टेकडीवर, काळ्या दगडात, एकटी. मला देवाची भीती नाही हो. मला एकटीची भीती आहे."

बाबांना मी संध्याकाळी सांगितलं. ते उठून विश्वकोशासमोर जाऊन उभे राहिले.

तुला का सांगतेय हे पुढच्या पत्रात लिहीन. आज एवढंच.

आई


मिनासावा
१३ मार्च २००५

प्रिय लोइस,

आडून आडून लिहिणं मला जमत नाही, तुलाही आवडत नाही.

जोएलने इथेच राहावं असं मला वाटतं.

घे, लिहिलं. आता तू चिडशील, तर चिड. मी तुला हो म्हटलं होतं आणि आता नाही म्हणतेय, असंच हे वाचलं जाईल, ते मला माहीत आहे. म्हणून हा निर्णय तुझ्या हातात देते. तू नको म्हणालीस तर पेटी माझ्या मांडीवर ठेवून विमानात बसेन. बाबांशी बोलणं झालंय, ते तयार आहेत. त्यांनी एवढंच म्हटलं, "लोइसला विचारल्याशिवाय ती पेटी हलणार नाही." तुझ्या बाबांनी तुला काही विचारल्याचं मला तरी आठवत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

माझ्याकडून दोन शब्द. मी त्याला इथे ठेवायचं म्हणते ते मंडळीसाठी म्हणून नाही. निदान नुसतं तेवढ्यासाठी नाही. तो या गल्लीतच जन्मला. त्याला इंग्रजीपेक्षा इथली भाषा चांगली यायची, आजोबांना पत्रात काय सांगायचं ते त्याला सुचायचं नाही. आजोबा त्याने एकदाच पाहिले होते. मॅनिटोबाचं आकाश पाहून तो म्हणाला होता, "आई, इथे डोंगर कुणी नेले?" त्याला तिथे पुरायचं तर तो पाहुणा म्हणून जाईल.

पण आम्ही जाणार आणि तो राहणार, हे मनात आलं की जेवण जात नाही. मीही काही दगडाची नाही. मला त्याला सोडून जायचं नाहीये, लोइस. मला त्याला इथून उचलायचंही नाहीये. दोन्ही एकदम होत नाही, म्हणून तुला लिहितेय. तू त्याची बहीण आहेस, आणि आता तिथे तूच आहेस.

बर्फ वितळतंय. अंगणातली मांजर परत आली, चिखलाचे पाय घेऊन थेट पाळकांच्या खुर्चीत. तिला कुणाच्याही आधी बसायला काही वाटत नाही.

आई


मिनासावा
१७ एप्रिल २००५

प्रिय लोइस,

तुझं पत्र मिळालं. तीन पानं. मी ती तीनदा वाचली, मग बाबांनी वाचली, मग ते चालायला बाहेर गेले आणि टोपी विसरले.

तू लिहिलंयस, "तू तिथे जोएलची आई आहेस. तो गेल्यावरही वीस वर्षं त्याचीच. मी जिवंत होते, तोक्योत, रोज संध्याकाळी वसतिगृहाच्या फोनपाशी उभी. मी कुणाची होते?"

यावर मी काय लिहू? तू माझीच होतीस. हे आता कागदावर फार हलकं दिसतं. पण दुसरं काही खरं नाही, म्हणून तेच लिहिते.

आणि पुढे तू लिहिलंयस, "मला त्या दिवशी खोलीबाहेर बसवलं. मी अकरा वर्षांची होते. मला आत यायचं होतं. तुम्ही सगळ्यांनी त्याला उचललं, मी नाही. म्हणून मला तो हवाय. मला त्याला एकदा तरी हातात घ्यायचंय."

मला वाटत होतं तुला ती जागा हवीय, आजोबांशेजारची. तुला हेच हवं होतं, हे मला माहीत नव्हतं.

त्या दिवशी आम्हाला दोघांनाही काही येत नव्हतं. इथे दहनानंतर घरची माणसं लांब काड्यांनी अस्थी उचलतात, एक तुकडा दोघांनी मिळून, आणि कलशात ठेवतात. बाबांचे हात चालेनात. मग हात्सुएआजी माझ्या समोर उभ्या राहिल्या आणि प्रत्येक तुकडा माझ्याबरोबर त्यांनी उचलला. मुलांना आत आणायचं नाही असं बाबांना वाटलं, आणि मी काही म्हटलं नाही. इथली मुलं असतात आत. आजींनी तेव्हा विचारलंही होतं, "मोठी कुठे आहे?"

तुझं पत्र मी आजींना वाचून दाखवलं. रागावू नकोस, त्यांच्याशिवाय मला कुणाला विचारायचं सुचलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "मग वाटून घ्या."

मी म्हटलं, काय?

"थोडा इथे, थोडा तिथे. करतात लोक. थोरला मुलगा गावात असतो, धाकटा ओसाकाला, दोघांनाही आई हवी असते. मग वाटून घेतात. त्यात काय? तिला बोलवा. ती स्वतःच्या हाताने घेईल."

बाबा चहा पीत होते, त्यांना ठसका लागला. सावरून म्हणाले, "आजी, शेवटच्या दिवशी तो उठणार तेव्हा अर्धा इथून आणि अर्धा कॅनडातून उठेल का?"

आजी जराही गडबडल्या नाहीत. "पाळकसाहेब, तुमच्या देवाला एवढं जुळवता येत नसेल, तर मी उगाचच अकरा वर्षं कप धुतले."

बाबा इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मग तो पुसून पुन्हा लावला. मला म्हणाले, "तिला लिही. तिला ये म्हण. मी तिला बाहेर बसवलं होतं, आता मीच दार उघडतो."

तर हे लिहिलं. ये, लोइस. तिकीट आम्ही पाठवतो. तुला यायचं नसेल तरी मी थांबेन, जूनपर्यंत, आणि मग तू सांगशील तसं.

तुझी,
आई


मिनासावा
२४ एप्रिल २००५

लोइस,

तुझा फोन आला तेव्हा मी शेजारी मुळ्याचं लोणचं घालत होते. बाबांनी तो घेतला. तू तीनच शब्द बोललीस, "मी तीनला येते," आणि बाबा निरोप सांगायला गल्लीतून अनवाणी धावत आले. सगळ्या गल्लीने पाहिलं. आता सगळ्यांना माहीत आहे.

नाडीचे बूट आणू नकोस, इथे दर दारात काढावे लागतात, तू विसरली असशील. थंडी मेच्या तीन तारखेलाही असेल. तो निळा हातमोजा अजून माझ्याकडे आहे, पण त्याच्यात तुझं एक बोटही जाणार नाही.

बाबांनी आपण होऊन पेटी बाहेर काढली. आता ती बैठकीत आहे, खिडकीखाली. कुदो मास्तर आले, त्यांनी पाहिली आणि वाकले. जाताना दारात जोडे घालता घालता बराच वेळ लावला.

आई


मिनासावा
२९ मे २००५

प्रिय लोइस,

तू इथे होतीस ते सगळं तुला माहीतच आहे, ते पुन्हा लिहायला नको. फक्त एक लिहिते, कारण तुझा चेहरा तुला दिसत नव्हता. काड्या धरून आपण दोघी समोरासमोर उभ्या होतो, आणि तो लहानसा तुकडा तुझ्या काडीवर आणि माझ्या काडीवर होता, तेव्हा तू अकरा वर्षांची दिसत होतीस. मला वाटलं होतं तू रडशील. तू श्वास रोखून धरला होतास, तो पडू नये म्हणून. हात्सुएआजींनी आपल्या नवऱ्याच्या जुन्या किमोनोतून शिवलेल्या पिशवीत तो गेला, तेव्हा कुठे सोडलास.

मग टेकडीवर कलश तूच आत ठेवलास. बाबांनी शिळा सरकवली आणि त्यांना नेमकं त्याच वेळी प्रार्थनेतलं पुढचं वाक्य आठवेना. मंडळी वाट पाहत उभी. तू मागून म्हणालीस, "बाबा, आमेन म्हणा." सगळ्यांना बरं वाटलं.

आता तू बसमध्ये बसल्यानंतरचं सांगते.

पुढच्या रविवारी कुदो मास्तर आपल्या बायकोला घेऊन आले. गाडीत पुढच्या सीटवर, पट्टा लावून. टेकडीवर जाताना मी मागे बसले होते. वाटेत मला म्हणाले, "घर आता फार शांत होईल. ती टीव्हीवरच्या कुस्त्यांना हसायची नाही, पण तिथे होती ना." तिसऱ्या रविवारी बाकीचे दोन कलश आले. फळीवर आता चौघं आहेत. जोएल सर्वांत लहान आणि सर्वांत आधीचा.

पेंटेकॉस्टच्या दिवशी हात्सुएआजींचा बाप्तिस्मा झाला. बाबांनी रीतीप्रमाणे विचारलं, "तुम्ही हे स्वतःच्या मनाने करताय का?" त्या म्हणाल्या, "नाहीतर कुणाच्या मनाने करू, या वयात?" डोक्यावर पाणी ओतलं तर अर्धं बाबांच्या बाहीत गेलं. नंतर कप धुवायला त्या गेल्या, तर सगळ्या बायकांनी मिळून त्यांना खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्या हातात केक दिला. त्यांनी आधी खाल्ला. मग सगळ्यांनी.

मी त्यांना विचारलं, "आता एकटीची भीती गेली का?"

"गेली," त्या म्हणाल्या. "तुम्ही जा बिनघोर. मी जाईपर्यंत दर आठवड्याला वर जाईन, आणि मग कायमची त्याच्या शेजारी राहीन. त्याच्या पायाला नेहमी गार लागायचं, मला आठवतं." हे बोलताना त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. मी त्यांचा हात धरला. मला त्या वेळी रडू आलं, इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर पहिल्यांदाच.

घर रिकामं झालंय. विश्वकोश कुदो मास्तरांना दिला. कपाटाच्या भिंतीवर पेटीच्या मागचा चौकोन अजून उजळ आहे. नव्या पाळकांच्या बायकोला मी त्याबद्दल काही सांगितलेलं नाही. रंग देतील तेव्हा देतील.

परवा निघतो. तू लिहिलंस की पिशवी तुझ्या खोलीत आहे आणि आम्ही आल्यावर आजोबांशेजारी सगळे मिळून ठेवू. तसंच करू. पीट काकांना सांग, फार मोठा खड्डा खणू नका.

आज शेवटचं म्हणून भाजीच्या दुकानात गेले होते. काही घ्यायचं नव्हतं, सवय म्हणून. हात्सुएआजी बटाटे निवडत होत्या. मला पाहून त्यांनी नेहमीसारखीच, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशी हाक मारली. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले, कारण ती हाक नेहमीची नव्हती. त्यांनी पुन्हा मारली, मी ऐकलं नाही असं समजून, आणखी मोठ्याने.

"लोइसची आई! अहो लोइसची आई, विमानात खायला काही घेतलंत की नाही?"

जोएल आता त्यांच्याकडे आहे, लोइस. मी येते.

लोइसची आई